साहिब बीबी और गुलाम : छोट्या बहूला नक्की कशासाठी मारलं?

शेवग्याची शेंग

मागच्या रविवारी आईला 'साहिब बीबी और गुलाम' एकदाचा शेवटपर्यंत दाखवला. या सिनेमाशी तिची साठ वर्षांची उधारी होती. ती पंधरा-सोळाची असताना तालुक्याच्या गावी माळावरच्या तंबूत तो लागला होता. मीनाकुमारी आहे म्हणजे रडारड असेल, पण सोज्वळ असेल, अशा हिशेबाने आजोबा अख्खं घर घेऊन गेले. छोट्या बहूने पेला ओठांना लावला आणि आजोबा उठले. "चला." झालं. सतरंजीची गुंडाळी काखेत मारून वरात घरी. पुढे दूरदर्शनवर लागला तेव्हा नेमके दिवे गेले. मग माझी शाळा, माझं लग्न, बाबांचं आजारपण, राहूनच गेला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिमल मित्र यांची १९५३ ची बंगाली कादंबरी, त्यावरून १९६२ साली गुरुदत्तने काढलेला हिंदी सिनेमा. दिग्दर्शक म्हणून नाव अब्रार अल्वी यांचं. कलकत्त्यातली जमीनदारांची हवेली, एकोणिसावं शतक संपत आलेलं. खेड्यातून नोकरीसाठी आलेला भूतनाथ (गुरुदत्त) मेहुण्याच्या ओळखीने त्या हवेलीत राहतो आणि 'मोहिनी सिंदूर'च्या कारखान्यात कामाला लागतो. धाकटे सरकार (रहमान) रोज रात्री कोठीवर. त्यांची बायको, छोटी बहू (मीनाकुमारी), नवरा घरी थांबावा म्हणून आधी भूतनाथाकडून तो सिंदूर मागवते आणि तो लागू पडत नाही म्हटल्यावर नवऱ्याच्याच अटीवर दारू प्यायला लागते. पुढे दारू तिला सोडत नाही आणि नवरा थांबत नाही.

शेवट सांगतेय, सिनेमा बासष्टचा आहे, तक्रार चालणार नाही. नवरा मारामारीत जायबंदी होऊन अंथरुणाला खिळतो. त्याला बरं वाटावं म्हणून छोटी बहू भूतनाथाला सोबत घेऊन एका सिद्धपुरुषाकडे घोडागाडीतून निघते. मधले सरकार ते पाहतात, माणसं पाठवतात, गाडी अडवली जाते. भूतनाथ शुद्धीवर येतो तो इस्पितळात. बहू नाहीशी झालेली. कित्येक वर्षांनी तीच पडकी हवेली पाडायच्या कामावर तो ओव्हरसियर म्हणून येतो आणि मजुरांना खणताना एक सांगाडा सापडतो, हातात कडं असलेला.

सिनेमा संपला. आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला एक सांग, ती दारू प्यायली म्हणून मारली की गाडीत बसली म्हणून?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. तीनचार वेळा पाहिलाय मी हा सिनेमा. 'दारूने वाया गेलेल्या बाईची शोकांतिका' हेच डोक्यात घट्ट बसलेलं. पण आईचं बरोबर आहे. पिण्यासाठी तिला कोणीही काहीही केलेलं नाही. बाटल्या तर घरातूनच पोचत होत्या. त्या घरात बायकांना काय वाटेल ते करायची मुभा आहे. थोरली विधवा सून दिवसभर साबणाने हात धूत बसते. मधली दागिने मोडते, नवे घडवते. धाकटी पिते. कुणाचं काही म्हणणं नाही, कारण तिघी उंबरठ्याच्या आत आहेत. धाकटी बाहेर पडते ती एकदाच, तेही नवऱ्यासाठी, आणि त्याच रात्री संपते.

तर धागा यासाठी. तुम्हाला काय वाटतं? आणि सिनेमाबद्दल जे जे आठवतं तेही येऊ द्या.

पिंपळपान

आईंना साष्टांग नमस्कार. वाचतेय.

घड्याळजी

उत्तम धागा. माझा आयडीच या सिनेमातल्या घडीबाबूवरून घेतलाय, त्यामुळे न लिहून कसं चालेल? हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय यांनी केलेलं काम आहे ते. हवेलीतल्या सगळ्या घड्याळांना किल्ली देत फिरणारा, अर्धवट वेडा वाटणारा म्हातारा. सगळं बुडणार हे तो एकटाच मोठ्याने बोलून दाखवतो आणि वेडा म्हणून सोडला जातो. बाकीचे कबुतरं उडवण्यात आणि मांजरीच्या लग्नात गर्क.

कादंबरीच्या सालाबद्दल एक सांगायचं राहून जाईल म्हणून आधीच सांगतो. बंगालमधली ही जमीनदारी १७९३ च्या कायमधारा पद्धतीने पक्की झालेली. ती मोडणारा पश्चिम बंगालचा कायदा झाला १९५३ मध्ये, म्हणजे कादंबरी आली त्याच साली. ज्यांनी ती पहिल्यांदा वाचली त्यांच्या डोळ्यांदेखत हे वाडे रिकामे होत होते. आपण ते 'जुन्या काळचं' म्हणून बघतो, त्यांना ती शेजारची बातमी होती.

फटकळ

सगळे आरती ओवाळायला जमलेच आहात तर मी कापूर विझवतो. मला हा सिनेमा पूर्वार्धात आवडतो, उत्तरार्धात नाही. मीनाकुमारीचं नशेतलं बोलणं, ते हुंदके, दहा मिनिटांनी अंगावर येतं. आणि भूतनाथ-जबा प्रकरण तर सरळ भरताड. सिंदूरवाल्या मालकाची मुलगी जबा (वहिदा) लहानपणी कुणाशी तरी लग्न लागलेली निघते आणि तो कुणीतरी म्हणजे नेमका आपला भूतनाथ! असला योगायोग नाटकात आला असता तर आपणच शिट्ट्या मारल्या असत्या.

शिवाय दिग्दर्शन गुरुदत्तचंच आहे, अल्वींचं नाव नुसतं पाटीवर. 'कागज के फूल' (१९५९) पडल्यावर त्याने स्वतःचं नाव लावणंच सोडलं होतं.

काळीपांढरी

फटकळ, योगायोगाबद्दल भांडणार नाही, तो आहेच. दिग्दर्शनाबद्दल मात्र भांडणार. गाणी गुरुदत्तने चित्रित केली हे अल्वी स्वतःच सांगत आले. उरलेला सिनेमा आपला, यावरही ते शेवटपर्यंत ठाम होते. फिल्मफेअरचं दिग्दर्शनाचं पारितोषिकही त्यांनाच मिळालं (चित्रपट, अभिनेत्री आणि छायाचित्रण हीसुद्धा याच सिनेमाला). त्यानंतर त्यांनी एकही सिनेमा दिग्दर्शित केला नाही, यावरून लोक काय वाटेल ते निष्कर्ष काढतात. मला विचाराल तर हा सिनेमा गुरुदत्तच्या आधीच्या सिनेमांसारखा दिसतो, पण वागत नाही. 'प्यासा'तला नायक आपल्या दुःखाबद्दल बोलतो. भूतनाथ दुसऱ्याचं दुःख ऐकून घेतो. हा फरक लेखणीचा आहे आणि लेखणी अल्वींची.

आता माझ्या आवडीचा प्रसंग. हवेलीतला नोकर बन्सी (आपले धुमाळ! हिंदीवाल्यांना ते विनोदी नट म्हणून माहीत, इथे बघा) भूतनाथाला पहिल्यांदा छोट्या बहूच्या खोलीत घेऊन जातो. तोवर सिनेमा बराच पुढे गेलेला असतो, आपण बहूबद्दल ऐकलेलं असतं, पाहिलेलं नसतं. भूतनाथ खेडवळ, भिडस्त, मान वर करायची त्याची छाती नाही. मग कॅमेराही मान वर करत नाही. गालिचा दिसतो, गालिच्यावरून चालत आलेली पावलं दिसतात. आवाज येतो, बस म्हणते, नाव विचारते. 'भूतनाथ' या नावाला जबा फिदीफिदी हसलेली असते. ही हसत नाही, ते देवाचं नाव आहे म्हणते. तेव्हा कुठे तो वर बघतो आणि तेव्हा आपल्याला मीनाकुमारीचा चेहरा दिसतो.

म्हणजे कोणीतरी नावाला हसलं नाही, एवढ्यावर माणूस जन्माचा बांधला गेला. हा अख्खा सिनेमा त्या एका वर पाहण्यावर उभा आहे असं मला वाटतं.

रात्रपाळी

काळीपांढरी, सुंदर लिहिलंत.

मी छायाचित्रणाच्या बाजूने थोडी भर घालतो. 'साकिया आज मुझे नींद नहीं आयेगी' पुन्हा बघा, फक्त मागच्या नाचणाऱ्या मुलींकडे लक्ष देऊन. दिसणार नाहीत! मिनू मुमताज उजेडात आणि बाकी सगळ्या जणी निव्वळ सावल्या. चेहरे नाहीत, नुसत्या कडा. व्ही. के. मूर्तींनी अख्खं गाणं असं दिवे मारून काढलंय. ज्या घरात पुरुषांना एका बाईपलीकडे दुसरीचा चेहरा लक्षात ठेवायची गरज नाही, तिथलं हे गाणं. मुद्दाम केलं की तेव्हाची सोय म्हणून, मला फरक पडत नाही. मूर्तींना पुढे २००८ सालचा फाळके पुरस्कार मिळाला, छायाचित्रकाराला मिळालेला तो पहिलाच.

आणखी एक. सिनेमा सिंदूराबद्दल आहे, कारखाना सिंदूराचा, डबी सिंदूराची, आणि पडद्यावर लाल रंग औषधालाही नाही. तिच्या भांगात दिसतो तो काळा. 'पिया ऐसो जिया में' मध्ये ती नटत असते तेव्हा आपण मनातल्या मनात तो लाल भरून घेतो. रंगीत असता तर हे काम आपल्याला करावं लागलं नसतं.

चौथी सीट

जाता जाता, गीता दत्त! मीनाकुमारीची तिन्ही गाणी तिची आणि वहिदाची आशाची. 'ना जाओ सैंया' मध्ये आवाज असा काही लडखडतो की ती गातेय की मागतेय कळत नाही. गीता आणि मीनाकुमारी दोघीही १९७२ मध्येच गेल्या, चार महिन्यांच्या अंतराने, दोघींचंही यकृत गेलेलं. हे माहीत झाल्यापासून मला ते गाणं धड ऐकता येत नाही.

फटकळ

चौथी सीट, याच गोष्टीचा मला राग आहे. मीनाकुमारी प्यायची, म्हणून तिने पिणारी बाई चांगली केली! म्हणजे अभिनय नाहीच, नुसतं जगणं कॅमेऱ्यासमोर मांडलं. बाईच्या कामाचं कौतुक करायची ही काय रीत? त्या वर्षी फिल्मफेअरची अभिनेत्रीसाठीची तिन्ही नामांकनं तिचीच होती. 'आरती' आणि 'मैं चुप रहूंगी' मध्ये ती काय पीत होती का?

पिंपळपान

फटकळ, आज पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवते.

बालीगंजकर

नमस्कार. वीस वर्षं कलकत्त्यात आहे, त्यामुळे दोन पैसे टाकतो.

पहिलं, नावाबद्दल. 'शाहेब, बिबी, गोलाम' ही बंगालीत पत्त्यांची नावं आहेत. आपला राजा, राणी, गुलाम. हिंदीत आल्यावर ते निसटतं, साहिब म्हणजे मालक आणि गुलाम म्हणजे नोकर एवढंच उरतं. बंगाली माणसाला मात्र शीर्षक ऐकताच हातात पत्ते दिसतात. इथे घरोघरी खेळतात तो 'ट्वेंटी-नाइन', त्यात तर सगळ्यात भारी पत्ता गुलाम.

दुसरं, कादंबरी. सिनेमा बघून ती वाचायला घ्याल तर दमाल. जाडजूड आहे, शहराचाच इतिहास आहे जवळजवळ. जमीनदार, ब्राह्मो, क्रांतिकारक, कारकून, दलाल, सगळे. छोटी बहू त्यात आहे, पण ती अख्खी कादंबरी नाही. १९५६ साली बंगालीतही सिनेमा झाला, उत्तमकुमार आणि सुमित्रादेवींचा. हिंदीच्या वेळी गुरुदत्तने बिमल मित्रांनाच खंडाळा-लोणावळ्याकडे आणून बसवलं आणि अल्वींबरोबर पटकथेवर काम करून घेतलं. मित्रांनी पुढे त्या दिवसांवर 'बिनिद्र' नावाचं पुस्तक लिहिलं. बिनिद्र म्हणजे झोप नसलेला. कोणाबद्दल ते सांगायला नको.

तिसरं, हवेली. बाहेरचं चित्रण धान्यकुडियाचं, इथून बशीरहाटच्या रस्त्याला. तागाच्या व्यापारात पैसा केलेल्या घराण्यांचे प्रचंड वाडे आहेत तिथे, रोमन खांब वगैरे. आम्ही गेलो तेव्हा एका खांबाच्या बैठकीवर गोवऱ्या थापलेल्या होत्या. आतले सेट बिरेन नाग यांचे.

कापूसकोंड्या

पत्ते!!! अहो मग हा तर आपला गुलामचोर झाला!

ज्यांनी सुट्टीत मामाच्या घरी खेळला नाही त्यांच्यासाठी: एक गुलाम बाजूला काढायचा, बाकी पत्ते वाटायचे, जोड्या लावून टाकत जायच्या. शेवटी एकाच्या हातात बिनजोडीचा गुलाम उरतो. तो चोर. मग त्याला सगळ्यांनी चिडवायचं.

राजा गेला, राणी गेली, सगळ्यांच्या जोड्या लागून पत्ते खाली पडले. उरला भूतनाथ, हातात एक कडं घेऊन.

घड्याळजी

कापूसकोंड्या, हे मी पुढची दहा वर्षं स्वतःचं म्हणून सांगणार आहे.

शेवग्याची शेंग

आईला सगळे प्रतिसाद वाचून दाखवतेय. 'गुलामचोर'वर खूश आहे. फटकळ, तुमच्यावरही खूश आहे, म्हणते हा मुलगा बोलतो खरं.

माझ्या मूळ प्रश्नाकडे कोणी वळेल का?

काळीपांढरी

वळते. काल रात्री गाडीचा प्रसंग परत पाहिला, तुमच्या आईंचा प्रश्न डोक्यात ठेवून.

गाडीतल्या त्या प्रवासावर आधी एक गाणं होतं, 'साहिल की तरफ', संगीतकार हेमंतकुमारांच्याच आवाजात. सिनेमा लागल्यावर ते काढून टाकलं. (चाल वाया गेली नाही, 'अनुपमा'तलं 'या दिल की सुनो दुनियावालो' त्याच चालीवर आहे.) अल्वींनी सांगितलेली हकिगत अशी की छोटी बहू गाडीत भूतनाथावर डोकं टेकते, हे प्रेक्षकांना रुचलं नाही, थेटरात चुळबूळ झाली. म्हणून तो भाग कापून त्या जागी संवाद घातला. आता आपण बघतो त्यात ती तिच्या मरणाबद्दल बोलते: मला सजवा, भांगात सिंदूर भरा, लोकांनी मला सती म्हणावं.

आता गंमत बघा. प्रेक्षकांना दारू चालली. ती नवऱ्याचे पाय धरते, तो झिडकारतो, ते चाललं. गाडीत परपुरुषाच्या खांद्यावर थकलेलं डोकं मात्र चाललं नाही. मधले सरकार पडद्यावर होतेच, खुर्च्यांमध्येही बसलेले होते.

आणि मग तिच्याच तोंडी सिंदुराचं आणि सतीचं बोलणं घातलं, म्हणजे खुर्च्यांमधल्यांचं समाधान. तरी तो संवाद मला दुबळा वाटत नाही. उलट ती स्वतःचं प्रेत नटवायच्या सूचना देते आणि पुढे तिला काय मिळतं? खड्डा. ना सिंदूर, ना कोणी सती म्हणायला. ते एक कडं तेवढं राहिलं अंगावर.

रात्रपाळी

अंगावर काटा.

पिंपळपान

मला जबाबद्दल लिहायचंय, फटकळांनी तिला भरताड म्हटल्यापासून खुपतंय.

जबाचे वडील सुविनयबाबू ब्राह्मो. आपल्याकडच्या प्रार्थना समाजाच्या (१८६७) मंडळींचे थोरले भाऊ म्हणा. मूर्तिपूजा नको, बालविवाह नको, मुली शिकाव्यात. आणि हा गृहस्थ पोटासाठी विकतो काय, तर नवरा वश करणारा सिंदूर! कादंबरीकाराने काय टपली मारलीय. पण त्या घरात मुलगी मोकळी वाढते. परक्या पुरुषासमोर येते, हिशेब बघते, तोंडावर हसते, 'भँवरा बडा नादान' म्हणून टर उडवते. छोटी बहू आणि जबा एकाच शहरात, एकाच सालात राहतात, यावर विश्वास बसत नाही.

शिवाय वहिदाला खरं तर छोटी बहूच करायची होती. तिने मुलाखतींत सांगितलंय, त्या वेषात फोटोही काढून पाहिले होते, पण फारच लहान दिसते म्हणून नको झालं. बरंच झालं. जबाचा हसरा भाग दुसऱ्या कोणी इतका हलका ठेवला नसता.

आता मुद्दा. शेवट आठवा. भूतनाथ ढिगाऱ्यातून उठतो आणि बाहेर येतो. तिथे घोडागाडी उभी आहे. गाडीत कोण? जबा. त्याची बायको. उजेडी, उघडपणे, वाट बघत बसलेली. एक बाई गाडीत बसली म्हणून गाडली गेली, आणि त्याच जागेसमोर दुसरी गाडीत बसून राहिलीय, कोणी बघतसुद्धा नाही. योगायोगाचं लग्न मला माफ आहे, या गाडीसाठी.

फटकळ

…

हे मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे गाडी पाहिली होती, जोडली नव्हती.

योगायोग तरी योगायोगच. पण ठीक आहे, भरताड मागे घेतो.

चौथी सीट

तारीख लिहून ठेवा कोणीतरी.

बालीगंजकर

पिंपळपान, अगदी. भर एवढीच की १८७२ च्या कायद्याने ब्राह्मोंना त्यांच्या पद्धतीचं लग्न लावता आलं, त्यात मुलीला निदान चौदा वर्षं पुरी हवीत. त्यामुळे ब्राह्मो घरातल्या मुलीचं पाळण्यातलं लग्न निघणं हा नुसता फिल्मी धक्का नाही. त्या वडिलांनी आयुष्यभर ज्याविरुद्ध बोलायचं ठरवलं, तेच त्यांच्या घरात निघालं.

शेवग्याची शेंग

मंडळी, काय लिहिलंय तुम्ही. आईसाठी छापून काढलं, मोठ्या अक्षरात.

काल रात्री तिने परत लावायला सांगितला, फक्त शेवटची वीस मिनिटं. गाडीच्या प्रसंगाला म्हणाली, "बाबा पेल्याला उठले. थांबले असते तर इथे उठले असते." मग जरा थांबून, "आणि आम्हीपण उठलो असतो गं त्यांच्याबरोबर, खोटं कशाला बोलू."

मग शेवटची गाडी आली. जबा बसलेली. भूतनाथ चढला, गाडी हलली. मी बंद करायला गेले तर म्हणाली, "त्याने घरी गेल्यावर तिला कड्याचं सांगितलं असेल का?"

आता हा पुढचा प्रश्न. मला उत्तर येत नाही.

कापूसकोंड्या

नाही सांगणार. गुलामचोरात हातात गुलाम आलाय हे कधी कोणी सांगतं का?

फटकळ

ओव्हरसियर माणूस. नोंदवहीत 'जुनं बांधकाम, पाया खणला' एवढं लिहून मोकळा झाला असेल.

शेवग्याची शेंग

आई म्हणते, जबा विचारेल.